पायथनचं पॅकेज कुठे बसवायचं: एपीटी, यूजर की व्हेन्व्ह?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या टॉवेल कारखान्याचं ऑफिस धरा. उबुंटू २४.०४ चा पीसी, दिवसभराच्या डिस्पॅचची एक्सेल शीट काढणारी पायथन स्क्रिप्ट आणि ती रात्री ११ ला आपोआप चालवणारा रूटचा (मशीनच्या मुख्य ॲडमिन खात्याचा) क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी काम चालवणारी सोय. हातानं चालवली की शीट निघते, क्रॉनमधून मात्र 'मोड्यूल सापडत नाही'. पॅकेज, म्हणजे स्क्रिप्टला लागणारा तयार कोड, मशीनवरच असतं, फक्त क्रॉनचा पायथन भलत्याच फोल्डरात शोधतो.

एपीटी म्हणजे उबुंटूचं स्वतःचं पॅकेज बसवणारं साधन. त्यानं 'पायथन३-ओपनपायएक्सएल' (एक्सेल फाइल बनवणारं पॅकेज) बसवलं, तर ते सिस्टिमच्या फोल्डरात जातं आणि रूटसकट सगळ्यांना दिसतं. व्हर्जन मात्र उबुंटू देईल तेच. एकच स्क्रिप्ट आणि एखाददुसरं नेहमीचं पॅकेज असेल, तर उगाच पुढे जाऊ नका.

पिप हे पायथनचं पॅकेज बसवणारं साधन. त्याचा 'यूजर' पर्याय पॅकेज तुमच्या होममधल्या लपलेल्या '.लोकल' फोल्डरात टाकतो. रूट तिथे बघतच नाही. वरचा घोळ बहुतेक वेळा इथलाच. शिवाय २४.०४ वर पिप आधीच अडवतं. 'ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस' लावून ते दामटता येतं, पण नावातच इशारा आहे. 'सुडो पिप' (रूटच्या अधिकारानं चालवलेला सिस्टिमचा पिप) तर त्याहून वाईट: त्यानं बसवलेली प्रत सगळ्यांसाठीच्या '/यूएसआर/लोकल' फोल्डरात बसते, पायथनला एपीटीच्या प्रतीआधी सापडते आणि सिस्टिमची साधनंही तीच उचलतात.

ठरावीक व्हर्जन हवं असेल किंवा दोन स्क्रिप्टांचं एकमेकींशी जमत नसेल, तर व्हेन्व्ह, म्हणजे स्क्रिप्टसाठी पायथन आणि पॅकेजांचं वेगळं फोल्डर. आधी एपीटीनं 'पायथन३-व्हेन्व्ह' बसवा, मग सुडोनं '/ऑप्ट/हिशेब' मध्ये व्हेन्व्ह तयार करा आणि पॅकेजही सुडोनंच, पण व्हेन्व्हच्या 'बिन' फोल्डरातल्या पिपनं घाला. होममध्ये नको, नव्या उबुंटूत एकाचं होम दुसऱ्या साध्या यूजरला उघडत नाही. क्रॉनच्या ओळीत नुसतं 'पायथन३' न लिहिता '/ऑप्ट/हिशेब/बिन/पायथन' हा पूर्ण पत्ता द्या. मग व्हेन्व्ह चालू करणारी 'ॲक्टिव्हेट' आज्ञा लागत नाही.

व्हेन्व्हचं फोल्डर मात्र हलवू नका, त्यातल्या पिपच्या फाइलच्या पहिल्या ओळीत जुना पत्ता कोरलेला असतो. आणि २२.०४ वरून २४.०४ वर गेलात की पायथन ३.१० चं ३.१२ होतं, जुनी पॅकेजं ३.१० च्या फोल्डरातच राहतात. व्हेन्व्ह नव्यानं करावं लागतं, म्हणून अपग्रेडआधीच 'पिप फ्रीझ'ची यादी फाइलमध्ये काढून ठेवा.

तरीही अडलंच, तर स्क्रिप्टच्या अगदी वर 'सिस.एक्झिक्युटेबल' (कोणता पायथन चालतोय) आणि 'सिस.पाथ' (तो कुठल्या फोल्डरांत शोधतोय) छापा आणि ती क्रॉनमधूनच चालवा. टर्मिनलमधलं उत्तर इथे उपयोगाचं नाही.