दाविंची रिझॉल्व्ह स्टुडिओ नव्या मशीनवर: एका लग्नसराईच्या वापरानंतर

नांदेड, लातूर, परभणीकडच्या लग्नाच्या स्टुडिओंत अजून व्हिडिओ एडिटिंगला एडियस हेच सॉफ्टवेअर चालतं, आणि त्यातलं बरंचसं कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधून आलेलं असतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. जुन्या मशीनला ११ चढत नाही, मग नवं मशीन घ्यायचंच तर सॉफ्टवेअरही विकतचं घ्यावं का, हा प्रश्न बऱ्याच जणांपुढं आहे. दाविंची रिझॉल्व्ह हे ब्लॅकमॅजिक कंपनीचं एडिटिंगचं सॉफ्टवेअर, त्याची विकतची आवृत्ती म्हणजे स्टुडिओ. तिचा हा अनुभव आठ महिन्यांचा आहे. मशीन आय५-१३५०० प्रोसेसर, ३२ जीबी रॅम, आठ जीबीचं आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड, विंडोज ११. काम हळदीपासून वरातीपर्यंतचं, मधूनच एखाद्या सप्त्याचं कीर्तन.

लायसन्सचं काम अर्ध्या तासाचं. डोकं खातं ते प्रोसेसर-ग्राफिक्सचं जुळवणं आणि देवनागरी अक्षरं.

स्टुडिओची किंमत २९५ डॉलर, एकदाच. इथला डीलर रुपयांत भाव सांगतो, त्यात १८ टक्के जीएसटी धरलाय की वरून लागणार, ते आधी विचारा. रेग्युलर जीएसटी नंबर असेल तर पक्कं बिल घ्या, इनपुट क्रेडिट मिळतं. बॉक्समध्ये कार्डावर ॲक्टिव्हेशन की असते. ती एकच ॲक्टिव्हेशन की दोन मशीनवर चालते. ब्लॅकमॅजिकचा पॉकेट ४के कॅमेरा नवा घेतला असेल तर स्टुडिओचं लायसन्स त्यासोबतच येतं. सेकंडहँड घेताना मात्र आधीच्या मालकानं ते कुठं वापरलंय, हे विचारूनच पैसे मोजा.

फुकटची आवृत्ती कमी दर्जाची नाही. ३८४०×२१६० पर्यंत एक्स्पोर्ट होतो, वॉटरमार्क नाही. पण कॅमेऱ्याचं दहा-बिट ४:२:२ फुटेज (रंगाची जास्त माहिती असलेलं) आणि नॉइज रिडक्शन (अंधारातले दाणे काढणं) लागत असेल तर स्टुडिओच हवं. रात्रीच्या वरातीचा आयएसओ १२८०० वरचा शॉट टेम्पोरल नॉइज रिडक्शनशिवाय (शेजारच्या फ्रेम्स ताडून दाणे काढणारं) गिऱ्हाइकाला दाखववत नाही. त्यातल्या फ्रेम्स दोनच ठेवा. पाच केल्या तर फरक डोळ्याला दिसत नाही, रेंडर मात्र रखडतो.

इन्स्टॉल करताना क्रम पाळा. विंडोज अपडेट, मग एनव्हिडियाचा स्टुडिओ ड्रायव्हर (गेम रेडी नको), मग रिझॉल्व्ह. वेबसाइटवर फुकट आणि स्टुडिओ यांचे सेटअप वेगळे असतात. फुकटचा टाकून त्यात की टाकायची जागा शोधत बसू नका. सेटअपमध्ये फेअरलाइट ऑडिओ ॲक्सिलरेटर आणि कंट्रोल पॅनेल्सची टिक काढली तरी चालतं, ते हार्डवेअर आपल्याकडं नसतं. पहिल्यांदा उघडलं की ॲक्टिव्हेशन की विचारतो. त्यावेळी नेट लागतं, पुढं रोजच्या कामाला लागत नाही.

जुनं मशीन विकायचं किंवा फॉरमॅट मारायचं असेल तर आधी तिथल्या दाविंची रिझॉल्व्ह मेनूतून लायसन्स डीॲक्टिव्हेट करा. हे विसरलं की कागदावर दोन्ही जागा भरलेल्या राहतात.

की बरोबर असूनही ॲक्टिव्हेशन होत नसेल तर दोन गोष्टी बघा. पहिली, घड्याळ आणि तारीख. दुसरी आपल्या भागात जास्त सापडते: दुकानदारानं जुनी एसएसडी जशीच्या तशी नव्या मशीनवर क्लोन करून दिलेली असते, आणि तिच्यात जुन्या क्रॅकनं (चोरीची कॉपी चालवायच्या फाइलनं) ब्लॅकमॅजिकचे सर्व्हर अडवलेले असतात. सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टम३२, ड्रायव्हर्स, ईटीसी या वाटेनं जाऊन होस्ट्स नावाची फाइल नोटपॅडमध्ये ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. ब्लॅकमॅजिकच्या नावाच्या ओळी दिसल्या तर काढा. खरं सांगायचं तर क्लोन घेऊच नये, विंडोज कोरं टाकावं.

आता प्रोसेसर. कोटेशनमध्ये १२४००एफ, १३४००एफ असं काही दिसलं तर थांबा. त्या एफचा अर्थ आत ग्राफिक्स नाही. दुकानदार म्हणतो, कार्ड तर आहेच की! पण सोनीच्या कॅमेऱ्याचं एचईव्हीसी (म्हणजे एच.२६५, व्हिडिओ दाबून साठवायचा प्रकार) दहा-बिट ४:२:२ फुटेज आरटीएक्स ४०६० हार्डवेअरवर डीकोड करत नाही, ती सोय एनव्हिडियानं ५० सिरीजमध्ये आणली. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनचं आतलं ग्राफिक्स हे काम आरामात करतं. हजार-दोन हजार वाचवायला एफ घेतला तर टाइमलाइन अडखळत चालते आणि प्रत्येक लग्नाचे प्रॉक्सी (फुटेजच्या हलक्या नकला) करत बसावं लागतं.

एफ नसलेला घेऊनही पुष्कळदा फायदा मिळत नाही, कारण कार्ड बसवलं की बरेच बोर्ड आतलं ग्राफिक्स आपोआप बंद करतात. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारं बोर्डाचं सेटिंग) आयजीपीयू मल्टी-मॉनिटर किंवा तशाच नावाचा पर्याय एनेबल करा, विंडोजमध्ये इंटेलचा ड्रायव्हर टाका. मग रिझॉल्व्हच्या प्रेफरन्सेस, सिस्टम, डीकोड ऑप्शन्समध्ये इंटेल क्विक सिंकची (आतल्या ग्राफिक्सवर डीकोड करायची सोय) टिक दिसते. टाइमलाइन चालू ठेवून टास्क मॅनेजर उघडा. इंटेलच्या खाली व्हिडिओ डीकोडचा आलेख हलला की काम झालं.

तरी एक मेख आहे. हे फक्त एचईव्हीसीला लागू. सोनी ए७ फोर कॅमेऱ्यात रेकॉर्डिंगचा एक्सएव्हीसी एस हा प्रकार निवडून ४:२:२ शूट केलं तर ते एच.२६४ असतं, आणि ते या मशीनच्या क्विक सिंकलाही पेलत नाही. एक्सएव्हीसी एचएस (एचईव्हीसीवाला प्रकार) घ्यावं, तर पालमध्ये (आपल्याकडची २५-५० फ्रेमची पद्धत) ४के २५ फ्रेम मिळत नाहीत, ५० घ्यावे लागतात आणि त्यात फ्रेम क्रॉप होते. मांडवात मागं सरकायला जागा नसते, तेव्हा वाइड लेन्स सोबत हवीच. नाहीतर साधं ४:२:० घ्या, लग्नाला पुरतं.

मीडिया स्टोरेजच्या यादीत जो ड्राइव्ह पहिला, कॅश (रिझॉल्व्हच्या तात्पुरत्या फाइली) त्यावर पडतो. तिथं सी ड्राइव्ह राहिला तर दोन-तीन लग्नांत भरतो. कॅशला वेगळी एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) द्या.

जुनी प्रोजेक्टं आणताना रिझॉल्व्हच्या प्रोजेक्ट लायब्ररीचा बॅकअप घ्या. नुसतं एखादंच प्रोजेक्ट हवं तर डीआरपी फाइल काढा, फुटेजसकट हवं तर डीआरए. नव्या आवृत्तीत अपग्रेड झालेली लायब्ररी जुन्या आवृत्तीत परत उघडत नाही, म्हणून ऐन सराईत अपडेट दाबू नका. फुटेजच्या डिस्कला डिस्क मॅनेजमेंटमध्ये जुनंच अक्षर दिलं की रीलिंकचा (फुटेज पुन्हा जोडायचा) व्याप वाचतो. लट (रंगाचे तयार साचे) आणि फॉन्ट प्रोजेक्टासोबत येत नाहीत, ते हातानं कॉपी करा.

मराठी नावांचं काम सांभाळून करावं. टायटलमध्ये ज्ञानेश्वर, ऋतुजा, शिवकीर्ती अशी नावं टाकून आधीच तपासा. वेलांटी जागा सोडून बसली किंवा जोडाक्षर फुटलं तर सरळ फोटोशॉपकडं वळा. जुन्या फोटोशॉपमध्ये प्रेफरन्सेस, टाइपमध्ये मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन किंवा वर्ल्ड-रेडी लेआउट निवडून फोटोशॉप बंद करून उघडा, मग नाव टाइप करून ३८४०×२१६० ची पारदर्शक पीएनजी काढा आणि टाइमलाइनवर ठेवा. नवरीचं नाव चुकलेलं गिऱ्हाईक विसरत नाही.

यूपीएस ६०० व्हीएचा पुरत नाही. त्यावर ३६० वॉटच मिळतात, आणि रेंडरच्या वेळी प्रोसेसर १५४, कार्ड ११५, वर मॉनिटर आणि डिस्का. लाइट गेली की मशीन बसतं. एक केव्हीएचा घ्या. मे महिन्यात पारा ४२-४३ वर असताना कॅबिनेटची जाळी दर आठवड्याला ब्लोअरनं झाडा, नाहीतर दुपारचा रेंडर रात्रीच्यापेक्षा हळू चालतो.