जाफन्यात मास्तरांच्या घरी चार रात्री

नल्लूरच्या कंदस्वामी देवळामागे दोन गल्ल्या सोडून हे घर आहे. पुढे पडवी, मागे खोल विहीर, कुंपणाला माडासारखे उंच ताडगोळ्यांचे ताड. पाहुण्यांसाठी तीनच खोल्या. नाश्ता आणि रात्रीचं जेवण धरून आम्हा दोघांना दिवसाला ९००० श्रीलंकन रुपये पडले. घराचं नाव लिहू नका, अशी यजमानांची विनंती आहे. गणिताचे निवृत्त मास्तर खोल्या देतात, असं देवळाजवळ कुणालाही विचारलं तरी दाखवतील. माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा गुण न्हाणीघराने खाल्ला.

मी साताऱ्याची, एका पतसंस्थेत नोकरी करते. गेल्या फेब्रुवारीत वडिलांना घेऊन गेले होते. आबा महार रेजिमेंटमधून निवृत्त झाले. १९८७ ते १९९० या काळात ते भारताच्या शांतिसेनेत श्रीलंकेत होते. माझा जन्म ते तिकडे असतानाचा. त्यांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी नऊ महिन्यांची होते. त्या दिवसांबद्दल ते घरात कधी बोलले नाहीत. बासष्टाव्या वर्षी एक दिवस जेवताना म्हणाले, "एकदा जाफना बघायचाय. हत्याराशिवाय."

चेन्नईहून छोटं विमान तासा-सव्वातासात पलालीच्या धावपट्टीवर उतरतं. आता तिथे जाफना आंतरराष्ट्रीय विमानतळाची पाटी आहे. आबा पहिल्यांदा उतरले ते याच पलालीला, हवाई दलाच्या विमानातून, पाठीवर पिठ्ठू घेऊन. शिडी उतरल्यावर खाली वाकून त्यांनी धावपट्टीला हात लावला आणि बाजूला उभे राहिले. मास्तरांनी पाठवलेली रिक्षा बाहेर थांबलेली होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना छप्पर नसलेली घरं, आत उगवलेली झाडं, मधूनच लष्कराचं तारेचं कुंपण. आबा सगळा वेळ उजवीकडे बघत होते.

जेवणाबद्दल आधी सांगते, कारण त्यासाठीसुद्धा इथे जावं. सकाळी इडियप्पम आणि सोधी. आपल्या कोकणातले शिरवाळे खाल्ले असतील तर इडियप्पम ओळखीचं वाटेल, फक्त इथे ते गोड रसात नसतं. नारळाच्या दुधाची पातळ, हळद घातलेली सोधी त्यावर ओततात आणि बाजूला सांबोल, म्हणजे ओल्या खोबऱ्याची लालभडक चटणी. रात्री खेकड्याचं कालवण. मसाला घरचा, मिरच्या काळपट होईपर्यंत भाजलेल्या. सातारच्या माणसालाही पाणी प्यावं लागेल इतका जहाल. कूळ मात्र आदल्या दिवशी सांगून करून घ्या. ताडाच्या कोंबांचं वाळवून केलेलं पीठ लावून मासे, कोळंबी, खेकडे, शेंगा एकाच हंड्यात शिजवतात आणि सगळ्यांनी बसून वाट्या भरभरून प्यायचं. रांधतात मास्तरांच्या पत्नी. त्यांना सगळे अक्का म्हणतात, मीही तेच म्हणत होते.

पहिल्या संध्याकाळी अक्का चहा घेऊन आल्या. आबांना वाटलं, आपल्याला येतं तेवढं तामिळ बोलावं. ते "वणक्कम" म्हणाले. अक्कांनी हसून विचारलं, आणखी काय येतं? आबांनी आठवून आठवून सांगितलं: निल्लु. कैयै तूक्कु. अडैयाळ अट्टै. थांब. हात वर कर. ओळखपत्र. अडीच वर्षं नाक्यावर उभं राहून तेवढंच तामिळ त्यांच्या तोंडात राहिलं होतं. अक्कांच्या हातातला ट्रे हलला. आबांच्या ते लगेच लक्षात आलं आणि ते उठून उभे राहिले. मास्तर पडवीतून आत आले, इंग्रजीत मला म्हणाले, "तुझे वडील शांतिसेनेत होते का?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "मग आज नको. उद्या रात्री जेवल्यावर बोलू."

दुसऱ्या रात्री बोलणं झालं, ते जवळजवळ एक वाजेपर्यंत. मास्तर इंग्रजीतून, आबा मराठी-हिंदीतून आणि मी मध्ये. विषय एकच होता: परक्या मुलखातून फौज काढायची कशी?

सुरुवात मास्तरांनी केली. ४ ऑगस्ट १९८७ ला जाफन्याजवळच्या सुदुमलैच्या देवळाच्या मैदानात लिट्टे या तामिळ बंडखोर संघटनेचा म्होरक्या प्रभाकरनने भाषण केलं, तेव्हा ते गर्दीत होते. त्याच आठवड्यात त्यांनी भारतीय जवानांना हारही घातले होते. २९ जुलैला कोलंबोत राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी करार केला होता. लिट्टेने शस्त्रं खाली ठेवायची, तामिळ प्रांतांना अधिकार मिळायचे आणि त्यावर देखरेखीला भारताची फौज. मास्तर म्हणाले, "दोन महिने आम्ही रात्री दारं उघडी टाकून झोपलो. ऑक्टोबरात तुमची लिट्टेशी लढाई जुंपली आणि तुमच्याच तोफा आमच्यावर वळल्या. करार कोलंबो आणि दिल्लीचा. आमची सही त्यात कुठे होती?"

आबा म्हणाले, "आमची तरी कुठं होती? आम्हाला सांगितलं होतं, दोन-चार महिन्यांचं काम आहे. गरम कपडेसुद्धा गावी ठेवून गेलो होतो."

मग तारखेवर आले. जानेवारी १९८९ मध्ये प्रेमदास राष्ट्राध्यक्ष झाले आणि १ जूनला त्यांनी जाहीर सांगितलं, जुलै संपायच्या आत भारतीय फौज गेली पाहिजे. दिल्लीचं म्हणणं, तारीख एकट्याने ठरत नाही. तामिळांच्या सुरक्षिततेचं आणि अधिकारांचं काम आणि फौजेची माघार बरोबरीने चालेल. तिकडे प्रेमदास लिट्टेशी बोलणी करत होते, शांतिसेनेशी लढायला त्यांना हत्यारंही पुरवत होते. आबांना हे आजही सहन होत नाही. "ज्या सरकारच्या बोलावण्यावर आम्ही गेलो, त्याच सरकारच्या गोळ्या आमच्या पोरांना लागल्या," असं म्हणताना त्यांचा आवाज चढला. मी पहिल्यांदा ऐकला त्यांचा तो आवाज. शेवटी १८ सप्टेंबरला ठरलं की २० तारखेपासून शांतिसेना चढाईची कारवाई थांबवेल आणि वर्षअखेरपर्यंत सगळे परत जायचा प्रयत्न करतील. डिसेंबरात दिल्लीत व्ही. पी. सिंग यांचं सरकार आलं. २४ मार्च १९९० ला त्रिंकोमालीहून शेवटची तुकडी निघाली.

आबांचं मत फौजी माणसाचं होतं. तारीख जाहीर केली की समोरचा दिवस मोजत बसतो आणि तुमच्याबरोबर उभा राहिलेला माणूस त्या दिवसापासून मेलेला असतो. म्हणून आधी कुणाच्या हवाली करायचं ते पक्कं करा, मग एकेक ठाणं उठवा, तारीख सगळ्यात शेवटी. मास्तर मान हलवत राहिले. त्यांचं म्हणणं बरोबर उलटं. तारीख नसली की जाणाऱ्याला घाई नसते. 'परिस्थिती सुधारली की जाऊ' हे वाक्य गेली कित्येक वर्षं ते आपल्याच देशाच्या लष्कराकडून ऐकताहेत. परिस्थिती सुधारली की नाही हे ज्याच्या हातात बंदूक आहे तोच ठरवणार असेल, तर ती कधीच सुधारत नाही.

मी ऐकत होते तोवर मास्तरांच्या बाजूला झुकले होते. मग आबांनीच तो विषय काढला, ज्याच्यामुळे त्यांना झोप लागत नसे, हे मला त्या रात्री कळलं.

जाता जाता भारताने तिथे एक 'तामिळ नॅशनल आर्मी' उभी करायला मदत केली. ईशान्य प्रांताचं सरकार ईपीआरएलएफ या लिट्टेविरोधी तामिळ संघटनेच्या वरदराज पेरुमाळ यांच्याकडे होतं; आपण गेल्यावर त्यांनी टिकावं म्हणून ही फौज. माणसं कुठून आणणार? पोरं रस्त्यातून उचलली. शाळेतली, शिकवणीला निघालेली. मास्तरांच्या वर्गातला एक सतरा वर्षांचा मुलगा सायकलसह गेला. चौथ्या दिवशी सायकल मिळाली. आबा म्हणाले, "आमच्या ठाण्याजवळ अशा पोरांचं शिक्षण चालायचं. रायफल खांद्यापेक्षा उंच. एकानं माझ्याकडं पोस्टकार्ड मागितलं होतं, आईला लिहायला." फौज मागे हटली तसा लिट्टेने या पोरांचा फडशा पाडला. पेरुमाळ आणि त्यांची माणसं भारतात निघून आली. पोरं कुठे जाणार?

"पोस्टकार्ड दिलं होतं का?" मास्तरांनी विचारलं.

"दिलं होतं."

त्यानंतर बराच वेळ कुणी बोललं नाही. अक्का आतून ऐकत होत्या. त्या बाहेर येऊन बसल्या आणि तामिळमध्ये जे बोलल्या ते मास्तरांनी मला सांगितलं: "तुम्ही जावं म्हणून मी मुरुगनला नवस केला होता. तुम्ही गेलात आणि तीन महिन्यांत पुन्हा लढाई लागली. आता नवस कशाचा करायचा, ते कळेना." जून १९९० ला लिट्टे आणि श्रीलंकेचं लष्कर यांच्यात युद्ध पेटलं. अक्कांचं माहेर पलालीजवळ वलिकामम उत्तरमध्ये. तिथली गावंच्या गावं रिकामी झाली आणि जमीन लष्कराच्या हद्दीत गेली. त्यांच्या वाट्याची जमीन काही वर्षांपूर्वी परत मिळाली तेव्हा घराचा चौथराही उरला नव्हता. विहीर होती, तिच्यावरून जागा ओळखली.

माझं मत विचाराल तर तारीख हवीच, आणि ती जाहीर हवी. मास्तरांचं मला पटलं. पण निघण्याआधी ज्यांच्या हातात आपण बंदूक दिली, त्यांची नावं आपल्या वहीत असली पाहिजेत आणि जहाजात त्यांना पहिली जागा मिळाली पाहिजे. दिल्लीत त्या वेळी वाद झाला तो किती बटालियन, कुठल्या महिन्यात, कुणाची अब्रू राहील यावर. त्या पोस्टकार्डवाल्या मुलाबद्दल कुणीही बोललेलं नाही. परत आलेल्या जवानांच्या स्वागताला तामिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत, याचं आबांना वाईट वाटतं. पण त्या रात्री ते स्वतःच म्हणाले की इथलं सगळं ज्यांनी ऐकलं होतं, त्यांनी का यावं?

तिसऱ्या दिवशी मास्तर आम्हाला जाफनाच्या सरकारी रुग्णालयात घेऊन गेले. त्यांनी आदल्या रात्री तीनदा विचारलं, नक्की यायचंय ना? २१ ऑक्टोबर १९८७ ला, दिवाळीच्या दिवशी, भारतीय सैनिक तिथे घुसले आणि दुसऱ्या दिवसापर्यंत डॉक्टर, परिचारिका, कर्मचारी, रुग्ण मिळून ६० ते ७० माणसं मारली गेली. आतून गोळीबार झाला म्हणून चकमक झाली, असं आपल्या बाजूचं म्हणणं. वाचलेल्या कर्मचाऱ्यांनी सांगितलेलं वेगळं आहे आणि माझा विश्वास त्यांच्यावर आहे. मारल्या गेलेल्या कर्मचाऱ्यांचे फोटो तिथे आहेत. आबा म्हणाले, "माझी तुकडी इथं नव्हती." मास्तर म्हणाले, "मी विचारलं नाही." आबांनी चप्पल काढली आणि प्रत्येक फोटोसमोर थोडं थोडं थांबले. बाहेर आल्यावर ते मास्तरांना फक्त "चुकलं" म्हणाले. मराठीतच. मी भाषांतर केलं नाही, लागलंही नाही.

परतताना कंदरोडैवरून आलो. महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबर १९८७ ला तिथे पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. मास्तरांनी रिक्षा थांबवायला सांगितली आणि स्वतः खाली उतरून उभे राहिले. शेजारून शाळेची मुलं सायकलवरून जात होती. कोणत्या यजमानाने असं केलं असतं, मला माहीत नाही.

शेवटच्या सकाळी अक्कांनी आबांना चौथं वाक्य शिकवलं. "पोयिट्टु वारेन." जाऊन येतो. तामिळ माणूस निघताना नुसतं 'जातो' म्हणत नाही, जसं आपण 'येतो' म्हणतो. आबांनी ते चार-पाच वेळा घोकलं. मास्तर म्हणाले, "१९९० मध्ये तुमच्यापैकी कुणी हे म्हटलं असतं तर आम्ही घाबरलो असतो." आणि आबांची पिशवी स्वतः उचलून रिक्षात ठेवली. पुढे आम्ही रेल्वेने कोलंबोला गेलो आणि बट्टरामुल्लाला संसदेजवळचं शांतिसेनेचं स्मारक पाहिलं. सुमारे १२०० जवान गेले. आबा नावं वाचत दीड तास उन्हात उभे होते. ती गोष्ट या घराच्या अभिप्रायात बसत नाही, पण मास्तरांकडे राहून आल्यामुळे ते तिथे उभे राहू शकले, असं मला वाटतं.

आता न्हाणीघराचं. ते अंगणापलीकडे आहे, रात्री बॅटरी घेऊन जावं लागतं आणि पायरी निसरडी आहे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्रास होतो. मास्तरांना मी सांगितलं आहे, त्यांनी कठडा बसवायचं कबूल केलंय. गरम पाणी चुलीवर तापवून देतात, नळाला येत नाही. डास खूप आहेत, मच्छरदाणी देतात पण एका दाणीला भोक होतं. खोलीत एसी नाही, मार्चनंतर जाणाऱ्यांनी विचार करावा. पैसे रोखच घेतात. ऑगस्टच्या सुमारास नल्लूरचा २५ दिवसांचा उत्सव असतो, तेव्हा खोल्या कित्येक महिने आधी भरतात आणि घरात मांसमच्छी शिजत नाही, तेव्हा खेकड्यासाठी जाणार असाल तर ते दिवस टाळा.

मास्तर स्वतःहून राजकारण काढत नाहीत. तुम्ही विचारलं तर मात्र अर्धवट उत्तर देऊन सोडत नाहीत, त्यामुळे रात्री जेवणानंतरचा वेळ मोकळा ठेवा. आबांनी जानेवारीसाठी कोपऱ्यातली, विहिरीकडची खोली सांगून ठेवली आहे. या वेळी ते पोस्टकार्ड दिलेल्या मुलाचं गाव शोधणार आहेत. गावाचं नाव त्यांच्या लक्षात आहे, पत्ता त्यांनीच लिहून दिला होता.