हिरव्या झाकणाची बाटली: टामिया एक्स्ट्रा थिन सिमेंट वापरून पाहिल्यावर

२६ सप्टेंबर २०२५ रोजी भारतीय हवाई दलाने चंडीगडला मिग-२१ विमानांना निरोप दिला. त्यानंतर, कपाटात बरीच वर्षे पडून असलेले १/७२ स्केलचे, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढे, मिग-२१चे प्लास्टिक मॉडेलचे किट मी बांधायला घेतले. ही विमाने आमच्या नाशिकजवळच्या ओझरला, हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यातही तयार झाली आहेत, त्यामुळे हे मॉडेल मन लावून करायचे आणि सुरुवातीच्या काळातल्या आपल्या विमानांसारखे उघड्या धातूच्या चकाकीचे ठेवायचे, असे ठरवले होते. चंदेरी रंगाखाली काहीही लपत नाही. धडाच्या दोन भागांचा सांधा पाठीवरून आणि पोटाखालून सरळ धावतो, आणि तो केसाएवढा जरी दिसला तरी विमान न वाटता जोडलेले प्लास्टिक वाटते. म्हणून या वेळी रंगापेक्षा जास्त विचार मी सिमेंटचा, म्हणजे मॉडेलचे भाग जोडणाऱ्या द्रवाचा, केला. त्यात मुख्य काम जिने केले, त्या टामिया या जपानी मॉडेल कंपनीच्या हिरव्या झाकणाच्या बाटलीविषयी हे लिहीत आहे.

गोंद म्हटले की दोन वस्तूंच्या मध्ये बसून त्यांना धरून ठेवणारा तिसरा पदार्थ डोळ्यांसमोर येतो. फेविकॉल तसा आहे, फेवीक्विकही तसेच आहे. प्लास्टिक मॉडेलचे सिमेंट मात्र स्वतः मागे राहतच नाही. या बाटलीत मुख्यतः अ‍ॅसिटोन आणि ब्युटिल अ‍ॅसिटेट असते. किटचे भाग ज्याचे बनलेले असतात ते पॉलिस्टायरीन या दोन्हींत विरघळते, दोन्ही कडांवरचे मऊ झालेले प्लास्टिक एकमेकांत मिसळते आणि द्रावक उडून गेला की तिथे एकसंध प्लास्टिक उरते. नीट जमलेला सांधा पुढे मोडायचा प्रयत्न केला तर तो पुष्कळदा जोडावर न तुटता शेजारी तुटतो. ज्या प्लास्टिकवर या द्रावकाचा परिणाम होत नाही तिथे ते निरुपयोगी ठरते, याचेही कारण हेच. चाकांच्या आत बसवायच्या मऊ पॉलिथिनच्या टोप्या, पितळी कोरीव पत्रे, रेझिनचे सुटे भाग, एवढेच काय, आधीच रंगवलेल्या किंवा क्रोमचा मुलामा दिलेल्या कडाही त्याने जुळत नाहीत. माझ्या मिगच्या नाकात वजनासाठी भरलेले शिशाचे छर्रे मला फेवीक्विकनेच बसवावे लागले.

हे सिमेंट पाण्याइतके पातळ आहे. या पातळपणामुळेच लावण्याची रीत उलटी होते, आणि नवखा माणूस इथेच चुकतो. भाग आधी कोरडे जुळवायचे, बोटांनी किंवा रबर बँडने घट्ट धरायचे आणि मग झाकणाला असलेल्या ब्रशचे टोक बाहेरून रेषेला नुसते टेकवायचे. केशाकर्षणाने द्रव स्वतःच फटीत शिरतो. पहिल्यांदा पाहताना हे फार समाधान देते: ब्रश टेकवावा आणि ओली, चमकती रेघ सांध्यातून दीड-दोन सेंटिमीटर पुढे सरकत जाताना दिसावी. ब्रश बाटलीच्या तोंडाशी निथळून घेतलेला असावा, कारण मोठा थेंब पडला तर तो पृष्ठभागावर पसरतो आणि तिथले बारीक खोदकाम वितळवतो. चुकून असा थेंब पडलाच तर पुसायला मुळीच जाऊ नये. तो जसाच्या तसा वाळू दिला की हलका डाग उरतो आणि तो बारीक पॉलिश पेपरने निघतो. पुसला तर मऊ प्लास्टिक ओरबाडले जाते.

द्रव फटीत शिरतो तसाच तो बोटाखालीही शिरतो. नाकाजवळचा सांधा दाबून धरताना माझा अंगठा रेषेवर होता. सिमेंट त्याच्याखाली ओढले गेले आणि अंगठा उचलला तेव्हा त्याचा ठसा, प्रत्येक वळसा मोजता येईल इतका स्पष्ट, विमानाच्या कातडीवर उमटलेला होता. तो घासून काढण्यात एक संध्याकाळ गेली आणि पॅनेलच्या दोन रेषा पुन्हा कोराव्या लागल्या. चिकटपट्टीचेही तसेच आहे. भाग धरून ठेवायला पट्टी लावली असेल, तर ती सांध्यावरून जाते त्या जागी सिमेंट लावू नये. पट्ट्यांच्या मधल्या जागांत लावून आधी ते धरू द्यावे, पट्ट्या काढाव्यात आणि मग राहिलेली जागा भरावी.

धडासारख्या लांब सांध्यासाठी मी वेगळी पद्धत वापरतो. दोन्ही भागांमध्ये कागदाएवढी फट ठेवून सिमेंट लावायचे, ते आत भरले की पंधरा-वीस सेकंद थांबायचे, पुन्हा एक हात फिरवायचा आणि मग दोन्ही बाजू एकमेकींवर हळूच दाबायच्या. सांध्यातून वितळलेल्या प्लास्टिकची बारीक कड वर उमटते. ही कड म्हणजे लांबी (पुट्टी) न भरताच फट बुजल्याची खूण. ती लगेच तासायचा मोह मात्र आवरला पाहिजे. सांधा काही मिनिटांत पकडतो आणि तासाभरात हाताळण्याजोगा होतो, पण आतला द्रावक उडायला फार वेळ लागतो आणि तो उडत असताना प्लास्टिक किंचित आकसते. पूर्वी एका मॉडेलवर मी त्याच रात्री कड तासून, गुळगुळीत करून रंग दिला होता, आणि आठवड्याने पाठीवरून एक उथळ चर उमटून आला. सांधा आत आकसतच राहिला होता. मिगच्या वेळी मी धड पूर्ण दोन दिवस बाजूला ठेवले, मग पात्याने कड खरवडली आणि त्यानंतर पॉलिश पेपर हातात घेतला. चंदेरी रंगाला आता तीन महिने झाले आहेत आणि पाठीवर काही दिसत नाही.

एवढे गुण असूनही ही एकच बाटली पुरेल असे मी म्हणणार नाही. पंखासारखा रुंद भाग जोडताना, किंवा खूंट खोबणीत बसवून कोन जुळवत बसायचे असते तेव्हा, पातळ सिमेंट डोळ्यांदेखत उडून जाते. अशा जागी टामियाचेच पांढऱ्या झाकणाचे साधे सिमेंट उपयोगी पडते. त्यात राळ विरघळवलेली असल्याने ते दाट असते, भाग जोडण्याआधी कडेला लावता येते आणि सरकवायला थोडी उसंत देते. त्याचा ब्रश बारीक कामासाठी फार जाड आहे, म्हणून मी ते टूथपिकने लावतो. रेवेलचे कॉन्टॅक्टा प्रोफेशनल सुईतून येते, त्यामुळे थेंब नेमका पडतो. पण सुई सुकून बंद होते आणि ती मोकळी करायला तितकीच बारीक तार जवळ ठेवावी लागते. टामियाचे क्विक सेटिंग आणि मिस्टर हॉबीचे मिस्टर सिमेंट एस ही दोन्ही हिरव्या बाटलीपेक्षा लवकर धरतात. उतरण्याच्या चाकांचे पाय किंवा अँटेना यांसारखा भाग हातात धरून बसायचे असेल तिथे ती सोयीची आहेत. मात्र पहिली बाटली म्हणून ती घेऊ नयेत, कारण वाकडा बसलेला भाग सरळ करायला ती वेळच देत नाहीत. वासाने डोके दुखणाऱ्यांसाठी लिमोनिनचे सिमेंटही मिळते. त्याला संत्र्याच्या सालीचा वास असतो आणि वाळायला ते जास्त वेळ घेते.

वैमानिकाच्या डोक्यावरच्या पारदर्शक काचेला यांतले कोणतेच सिमेंट मी लावत नाही. थेंब चुकीच्या जागी गेला तर काच कायमची बिघडते. साधा पांढरा फेविकॉल टूथपिकच्या टोकाने चौकटीला लावावा, काच बसवावी आणि बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने टिपून घ्यावा. वाळल्यावर तो पारदर्शक होतो आणि काचेला तेवढी पकड पुरते.

पंखाच्या मुळाशी राहिलेली फट भरायलाही ही हिरवी बाटलीच कामी आली. बाटली तळाशी गेली की मी त्यात त्याच किटच्या स्प्रूचे, म्हणजे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिचे, बारीक तुकडे कापून टाकतो. एक-दोन दिवसांत मधासारखा दाट रस तयार होतो. बाजारच्या लांबीपेक्षा याचा फायदा असा की वाळल्यावर तो किटच्याच प्लास्टिकचा असतो, त्यामुळे घासताना फट आणि आजूबाजूचा भाग सारखेच झिजतात. फक्त हा रस आकसतोही तितकाच, म्हणून फटीपेक्षा थोडा उंच भरावा आणि दोन-तीन दिवस विसरून जावा.

काम करताना खिडकी उघडी ठेवावी आणि जवळपास निरांजन, उदबत्ती, गॅस काहीही पेटते नसावे, कारण हा द्रव फार लवकर पेट घेतो. विमानप्रवासाच्या सामानातही तो नेता येत नाही. डोक्यावरचा पंखा मी तेवढ्यापुरता बंद करतो, नाहीतर मे महिन्यात ब्रश बाटलीतून सांध्यापर्यंत पोहोचेपर्यंतच सुकतो. ४० मिलिलिटरची बाटली मला पावणेपाचशे रुपयांना पडली आणि लहान स्केलच्या पाच-सहा विमानांना ती सहज पुरते. घेताना एक पाहावे. एका दुकानाकडून कुरिअरने आलेली माझी बाटली झाकण सैल असल्याने निम्मी उडून गेलेली होती आणि ती बदलून मिळाली नाही. बाटली काचेची असल्याने पातळी बाहेरून दिसते. शक्य असेल तर प्रत्यक्ष दुकानात जाऊन, उजेडात धरून, द्रव खांद्यापर्यंत आहे ना हे पाहून मगच पैसे द्यावेत. घरी आल्यावर दर वेळी झाकण लावण्यापूर्वी बाटलीच्या तोंडाचे आटे कोरड्या कापडाने पुसावेत, म्हणजे झाकण चिकटून बसत नाही आणि पुढच्या वेळी ते जोर लावून उघडताना बाटली हातातून निसटत नाही.