पिवळा उणे ०.३ : फुकट ऑनलाइन कोर्सचे अकरा महिने

आधी हिशेब देऊन टाकतो. नाव नोंदवलेले कोर्स एकोणीस. पूर्ण झाले तीन. एक चालू आहे. उरलेल्या पंधरांपैकी सहा तर मी नाव नोंदवल्यावर परत उघडलेसुद्धा नाहीत. त्यात खगोलशास्त्र आहे, स्थापत्याचा इतिहास आहे आणि कुठल्या झटक्यात घेतलं ते आता आठवत नाही असं जपानी भाषेचंही एक आहे. खर्च म्हणाल तर परीक्षेची फी १,००० रुपये, झेरॉक्सचे साधारण चारशे, आणि एकदा कार्डातून गेलेले पैसे. ते कसे गेले ते पुढे येईलच.

मी बडोद्याचा. घर दांडिया बाजारात, नोकरी नंदेसरीला, रंग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये. सत्तावीस वर्षं एकच काम केलं: गिऱ्हाईक कापडाचा तुकडा पाठवतं, आपण तीन-चार रंगद्रव्यांतून तोच रंग बसवून द्यायचा. शेड मॅचिंग. २०२४ च्या मार्चमध्ये स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि जूनपर्यंत घरातल्यांना मी नकोसा झालो. बी.एस्सी.ला असताना गणित धडपडत पास झालो होतो, इतिहास तर दहावीनंतर सुटलाच. म्हटलं, आता वेळ आहे आणि जगातली विद्यापीठं दारं उघडून बसली आहेत, तर बसू या.

दारं खरंच उघडी आहेत, यात वाद नाही. अमेरिकेतल्या एमआयटीने २००१ साली आपला अभ्यासक्रम इंटरनेटवर खुला करायचं जाहीर केलं. आज तिथे अडीच हजारांहून जास्त कोर्सचं साहित्य आहे आणि नाव-गाव काहीही न विचारता ते उतरवून घेता येतं. आपल्याकडे सात आयआयटी आणि बंगळुरूची आयआयएससी यांनी मिळून २००३ मध्ये ऑनलाइन व्याख्यानांचं एनपीटेल सुरू केलं. २०१७ मध्ये सरकारचं कोर्सचं व्यासपीठ, स्वयम, आलं; एनपीटेलचे कोर्सही आता त्यावरच चालतात. अमेरिकेतल्याच येल विद्यापीठाचे खुले कोर्स २००७ पासून आहेत. खान अकॅडमी तर शाळेतल्या मुलांनाही माहीत असते. पहिल्या आठवड्यात माझी अवस्था लग्नाच्या पंगतीत बसलेल्या पोरासारखी झाली होती. बायको म्हणालीच, "अहो, फुकट आहे म्हणून सगळंच पानात वाढून घ्यायचं का? टाकणार आहात शेवटी."

टाकलं.

माझी मुख्य तक्रार माझ्याबद्दलच आहे, पण ती सांगतो, कारण माझ्या वयाच्या पुष्कळांचं तेच होत असणार. मी रेखीय बीजगणित, म्हणजे एकाच वेळी अनेक समीकरणं सोडवायचं गणित, घेतलं होतं, एमआयटीच्या गिल्बर्ट स्ट्रँग यांचं. चित्रीकरण १९९९ च्या वर्गातलं. समोर फळा, हातात खडू, प्रोजेक्टर वगैरे काही नाही. ते २०२३ मध्ये निवृत्त झाले, पण फळ्यापाशी वळून "कळलं ना?" अशा नजरेने ते बघतात तेव्हा आपण त्यांच्या वर्गात पहिल्या बाकावर असतो. मी आठ व्याख्यानं पाहिली. चहा घेत पाहिली, मान डोलावत पाहिली, दोन वेळा तर आईलाही बोलावून दाखवलं की हे बघ किती सोपं करून सांगतात. आई म्हणाली, "तुला समजतंय ना? मग झालं."

मग विश्वामित्री नदीला पूर आला. २०२४ चा ऑगस्ट बडोद्यातला कोणी विसरणार नाही. धाकट्या बहिणीच्या सोसायटीत, समा भागात, तळमजला पाण्यात गेला आणि ती सगळी आमच्याकडे आली. भाचा इंजिनीअरिंगला आहे. आमच्या गल्लीत पाणी नव्हतं पण वीजही नव्हती. मी आधीच उतरवून ठेवलेलं व्याख्यान मोबाइलवर लावून बसलो होतो. तो थोडा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "मामा, तुम्ही हे वेब सिरीज बघितल्यासारखं बघताय. प्रॉब्लेम सेट केलात का?"

प्रॉब्लेम सेट असतो हेच मला माहीत नव्हतं. पानावर खाली, व्हिडिओच्या यादीपलीकडे, गणितांचे कागद होते आणि त्यांची उत्तरंसुद्धा. वीज आल्यावर पहिला कागद छापून आणला आणि पहिल्याच गणिताशी चाळीस मिनिटं बसून राहिलो. आठ तास मान डोलावलेला माणूस पहिलं गणित सोडवू शकत नव्हता. भाचा शहाणा, तो तिथून उठून गेला.

त्यानंतर मी दोन महिने खान अकॅडमीवर आठवी-नववीची गणितं केली. लाज वाटायची, म्हणून दार लोटून घ्यायचो. पण ती जागा अशा वेळी फार उपयोगी आहे. चुकलं तर परत विचारते, टोमणा मारत नाही, आणि कुठे कच्चं आहे ते नेमकं दाखवते. माझं कच्चं होतं ते चिन्हांत. उणे गुणिले उणे. पंचावन्नाव्या वर्षी!

मग पुन्हा स्ट्रँगसाहेब, पण आता उलट क्रमाने: आधी कागद, अडलं की व्याख्यान. त्यांच्या पहिल्याच तासाला दोन समीकरणं आहेत: २क्ष − य = ०, आणि −क्ष + २य = ३. शाळेत आपण दोन रेषा काढून त्या कुठे छेदतात ते बघायचो. ते म्हणतात, तसं नका बघू, उभं बघा. क्ष चे आकडे वरून खाली घ्या: २ आणि −१. य चे घ्या: −१ आणि २. आता पहिला स्तंभ किती आणि दुसरा किती मिसळला म्हणजे ० आणि ३ येईल? पहिला एकदा, दुसरा दोनदा. झालं.

व्याख्यान म्हणून हे मी जूनमध्येच ऐकलं होतं. जानेवारीत कागदावर केलं तेव्हा पेन खाली ठेवलं. अरे, हे तर शेड मॅचिंग आहे! लॅबमधल्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर प्रत्येक रंगद्रव्याचा एक उभा स्तंभच असतो, कुठल्या तरंगलांबीला ते किती प्रकाश गिळतं त्याचा. आम्ही त्याला के बाय एस म्हणायचो. गिऱ्हाइकाच्या तुकड्याचाही तसाच स्तंभ. लाल किती, निळा किती, पिवळा किती मिसळला म्हणजे तो स्तंभ येईल, एवढंच मशीन सोडवत असे. सत्तावीस वर्षं मी क्ष, य, झ काढत होतो आणि त्याला रेसिपी म्हणत होतो. आमचं जुनं मशीन कधीकधी रेसिपी द्यायचं: लाल ०.८, निळा ०.४, पिवळा उणे ०.३ टक्के. आम्ही हसायचो. उणे पिवळा कुठून आणणार, गोदामातून उसना? "मशीन येडं झालंय" म्हणून दुसरं पिवळं घेऊन परत लावायचो. मशीन येडं नव्हतं. गणिताला उणे चालतं, कापडाला चालत नाही, इतकंच ते सांगत होतं: या तीन रंगांत हा रंग नाही.

या एका गोष्टीसाठी अकरा महिने वसूल. नवीन कोर्स उघडला की मी आता प्राध्यापक कोण, विद्यापीठ कुठलं हे नंतर बघतो. आधी खाली जाऊन बघतो, गणितांचे कागद आहेत का, उत्तरं आहेत का, आणि व्याख्यानाचा लिखित मजकूर आहे का. इंग्रजी मला वाचून कळतं, ऐकून अर्धं निसटतं. मजकूर नसेल तर मी तो कोर्स घेत नाही.

संख्याशास्त्र मी एनपीटेलवर केलं, बारा आठवड्यांचं. शिकायला काही पडत नाही, प्रमाणपत्र हवं असेल तर परीक्षेचे हजार रुपये. दर आठवड्याला असाइनमेंट, मुदत बुधवारी रात्री ११:५९. त्यांचे पंचवीस गुण, परीक्षेचे पंचाहत्तर. पुराच्या आठवड्यातली असाइनमेंट अर्थातच बुडाली, पण बारांपैकी सर्वोत्तम आठच धरतात, त्यामुळे वाचलो. बुधवारी जेवणं झाली की घरात बायको टीव्हीचा आवाज कमी करायची, "त्यांचा बुधवार आहे." बाकीच्या फुकटच्या कोर्सना हा बुधवार नसतो, हीच त्यांची खोट.

परीक्षा केंद्रावर जाऊन, संगणकावर द्यावी लागते. दिवाळीच्या आसपास होती. दारावरच्या सुरक्षारक्षकाने मला अडवलं, "काका, वालीओए बहार बेसवानुं छे." पालकांनी बाहेर बसायचं. म्हटलं, "भाई, परीक्षा मारी छे," माझीच आहे. त्याने हॉल तिकीट दोनदा वाचलं आणि मग खुर्चीवरून उठून मला आत सोडायला आला. आत सगळी विशीतली पोरं. त्यांना यातून कॉलेजात क्रेडिट मिळतात. यूजीसीने २०२१ पासून स्वयमवरच्या कोर्सना एका सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंत मुभा दिली आहे. मला त्याचा काय उपयोग! पडद्यावरचा कॅल्क्युलेटर माउसने एकेक आकडा दाबत चालवताना घाम फुटला. ६८ मिळाले. प्रमाणपत्रावर "एलिट" असं छापून आलं, साठच्या वर सगळ्यांनाच येतं. बायकोने फ्रेम करू का विचारलं, मी नको म्हटलं, आणि दोन दिवसांनी मीच चौकशी करून आलो.

इतिहासाला मात्र माझा नियम लागू पडत नाही, हे कबूल करायला हवं. येलच्या डोनाल्ड केगन यांची प्राचीन ग्रीसवरची चोवीस व्याख्यानं मी कमाटीबागेत चालताना कानात घालून ऐकली, सगळी, आणि दुपारी त्यांचा मजकूर वाचला. तिथे सोडवायचं काही नाही, ऐकून मनात घोळवायचं. केगन २०२१ मध्ये गेले. आवाज असा की वर्गात मागे बसून कोणी जांभई देत नसणार. नेमलेली पुस्तकं बहुतेक विकतची आहेत, पण हिरोडोटस, थ्युसिडिडीज या ग्रीक इतिहासकारांची जुनी भाषांतरं प्रोजेक्ट गुटेनबर्ग या साइटवर मोफत मिळतात, माझं भागलं. मानसशास्त्रही येलचंच केलं. बरं होतं. फार लिहिण्यासारखं नाही.

आता कार्डाचं. एक मोठं व्यासपीठ आहे, नाव घेत नाही. "फुकट सुरू करा" असं लिहिलेलं बटण दाबलं, सात दिवसांसाठी कार्डाचा नंबर मागितला, मी दिला. आठव्या दिवशी महिन्याची वर्गणी कापली गेली. चूक माझीच, बारीक अक्षरं वाचली नाहीत. पण रद्द करायचं बटण शोधायला मला जेवढा वेळ लागला तेवढ्यात केगनसाहेबांचं एक व्याख्यान झालं असतं. ज्या ठिकाणी शिकायच्या आधी कार्ड मागतात ते फुकट नव्हे, असं आता धरून चालतो.

दुसरी तक्रार मराठीची. एका ठिकाणी मराठी उपशीर्षकं होती, मोठ्या हौसेने लावली. यंत्राने केलेली. इंग्रजीतल्या "सॅम्पल मीन"ला नमुन्याचं माध्य म्हणायचं होतं तिथे "नमुना म्हणजे" असं येत होतं, आणि एकदा तर "डिग्रीज ऑफ फ्रीडम"ला स्वातंत्र्याची पदवी बहाल झाली. अर्धा तास मी आणि भाचा नुसते हसत होतो. माध्य, मध्यक, प्रमाण विचलन हे शब्द आपल्याकडे शाळेच्या पुस्तकांत आहेत हो, कोणीतरी बघायचे फक्त. मराठीतून नीट शिकायचं असेल तर माझ्या पाहण्यात एकच चांगली गोष्ट आली, आयआयटी मुंबईचं स्पोकन ट्युटोरियल. विषय संगणकाचेच, पण दहा-दहा मिनिटांचे तुकडे, आणि पद्धत अशी की अर्ध्या पडद्यावर ते दाखवतात, अर्ध्यावर तुम्ही तेच करायचं. बायकोने त्यावरून लिब्रे ऑफिसचं कॅल्क, म्हणजे आकड्यांचे तक्ते करायचं सॉफ्टवेअर, शिकून महिला मंडळाचा हिशेब तीन आठवड्यांत वहीतून संगणकावर नेला. मी तेव्हा आठवं व्याख्यान बघत मान डोलावत होतो.

बसायला मी सेंट्रल लायब्ररीत जातो, मांडवीजवळ. घरी आई, बहीण, भाचा, दूधवाला सगळ्यांना मी रिकामा वाटतो. सयाजीरावांनी १९१० मध्ये बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून हे सगळं उभं केलं, आणि इथून खेड्यांत पुस्तकांच्या फिरत्या पेट्या जात. मला नेहमी वाटतं, पेटी परत जायची होती म्हणून तरी लोक वाचत असतील. माझ्या लॅपटॉपमधली पेटी परत मागायला कोणी येत नाही.

सध्या सोळाव्या व्याख्यानावर आहे. पंधराव्यात आणि सोळाव्यात असं येतं की समीकरणांना उत्तरच नसेल तर जे हाती आहे त्यातून जास्तीत जास्त जवळ कसं जायचं. म्हणजे गिऱ्हाइकाचा रंग बसतच नसेल तर त्यातल्या त्यात जवळचा कसा काढायचा. मागच्या आठवड्यात लॅबमधल्या माझ्या जुन्या सहाय्यकाचा फोन आला होता, कसला तरी पोपटी बसत नव्हता. म्हटलं, पिवळा उणे येतोय का? तो गप्प झाला. मग म्हणाला, "साहेब, तुम्हाला कुणी सांगितलं?"