असेसमेंट एकाच टीमकडून की वेगवेगळ्या तज्ज्ञांकडे?

मुलाचं बोलणं उशिरा, चालताना तोल जातो, वर फिट्स, असं सगळं एकत्र असलं की त्याच्या विकासाची पूर्ण असेसमेंट (तपासणी) कुठे करायची कळत नाही. आम्ही दोन्ही करून बघितलंय.

वेगवेगळ्या तज्ज्ञांकडे अपॉइंटमेंट लवकर मिळते आणि लेकरू एका दिवसात दमत नाही, पण प्रत्येक ठिकाणी प्रेग्नन्सीपासूनची हिस्ट्री परत सांगा, स्पीच थेरपिस्ट एक म्हणणार, न्यूरोलॉजिस्ट दुसरंच, आणि जुळवाजुळव आईबापाच्या गळ्यात. लेकीच्या एका रिपोर्टात "सूचना समजत नाहीत" असं आलं, मी रात्रभर रडले, नंतर बेरा टेस्ट केली (झोपेत डोक्याला इलेक्ट्रोड लावून करतात ती) तेव्हा कळलं की तिला ऐकूच कमी येतंय!

टीममध्ये डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियन (मुलांच्या विकासाचे डॉक्टर), सायकॉलॉजिस्ट, ओटी (ऑक्युपेशनल थेरपिस्ट, रोजची कामं जमावीत म्हणून थेरपी देणारे), स्पीचवाले आपापसात बोलून एकच रिपोर्ट देतात. याचा फरक खूप पडतो, कारण ऑटिझमसाठीची एडॉस-2 सारखी टेस्ट 40 ते 60 मिनिटांची असते, पण ऐकण्या-दिसण्याचा किंवा हालचालीचा जास्त प्रॉब्लेम असेल तर तिचा स्कोअर जसाच्या तसा धरता येत नाही, आणि टीममध्ये ते कोणीतरी लगेच बोलून दाखवतं. वेटिंग मात्र खूप.

गुंतागुंत जास्त असेल तर माझं मत टीमलाच. नंबर लावून ठेवा आणि तोवर कान-डोळे तपासून घ्या, घरचे व्हिडिओ काढा, स्पीच थेरपी सुरू करा, त्यासाठी निदानाची वाट बघू नका. फिट्सना तर अजिबात थांबायचं नाही, न्यूरोलॉजिस्टकडे लगेच जा.