लातूरच्या गंजगोलाई बाजारपेठेजवळचे लॅपटॉप दुरुस्तीचे दुकान : एक अनुभव

माझा दहा वर्षांचा लॅपटॉप सुरू होईना. दिवा लागे, पंखा फिरे, पण पडदा काळाच राही. लातुरातल्याच एका दुकानाने तो न उघडताच मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य सर्किटबोर्ड, गेल्याचे सांगितले होते. गंजगोलाईजवळच्या या छोट्या दुकानातील कारागिराने मात्र प्रथम मल्टिमीटरने अडॅप्टर तपासला व १९ व्होल्ट नीट येत असल्याचे मला दाखवले. नंतर बॅटरी काढून पॉवरचे बटण अर्धा मिनिट दाबून धरले आणि बाहेरचा मॉनिटर जोडला. तोही काळाच राहिल्याने दोष केवळ पडद्याचा नाही, हे स्पष्ट झाले. मग रॅमच्या (तात्पुरत्या स्मृतीच्या) दोन्ही पट्ट्या काढून, त्यांच्या कडेचे काळवंडलेले सोनेरी दात खोडरबराने हलकेच पुसून, त्याने एकेक पट्टी आलटूनपालटून लावली, तेव्हा एकीवर यंत्र चालू झाले आणि दुसरीवर मुळीच झाले नाही; म्हणजे दोष त्या दुसऱ्या पट्टीत होता. लॅपटॉप तारीखही विसरत असे; त्याचे कारण ठरलेला ३ व्होल्टचा नाण्याएवढा सेलही त्याने बदलला. बिलावर कामाचा तपशील लिहिलेला नव्हता, तो लिहायलाच हवा. तरीही, दोष सिद्ध केल्याशिवाय सुटा भाग न विकणाऱ्या या माणसाकडे मी माझे जुने यंत्र निःशंकपणे पुन्हा सोपवीन.