बाहेरून भिंतीचं इन्सुलेशन: जवळजवळ दोन वर्षं वापरल्यावर

मार्च 2024 मध्ये इंग्लंडातल्या लेस्टरच्या आमच्या जुन्या घराला ईसीओ4 या सरकारी ऊर्जाबचत योजनेतून बाहेरून इन्सुलेशन (घर ऊबदार ठेवणारं आवरण) बसवलं. नऊ इंची विटेची भिंत, वर बोर्ड, त्यावर प्लास्टर. खर्च शून्य. (म्हणजे आमचा शून्य. पैसा आला सगळ्यांच्या वीज-गॅस बिलांतून. आयजीच्या जिवावर बायजी उदार!) सुरुवातीला घर इतकं ऊबदार, की भेटेल त्याला 'करून घ्या' सांगत सुटलो. तेव्हा पाच तारे दिले असते.

नोव्हेंबरात आई सांगलीहून आली. दुसऱ्याच दिवशी कपाट उघडून म्हणाली, "अरे, पावसाळ्यातल्या गोधडीसारखा वास येतोय." कपाट सरकवलं तर मागे काळी बुरशी. मग डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतला ओलावा शोषणारं यंत्र, आणला. गॅसवर वाचलेलं विजेत जातंय का, ते रोज वहीत मांडत बसलो.

कारण सापडलं तेव्हा कपाळावर हात मारला. बाथरूमच्या एक्झॉस्टचं बाहेरचं चार इंची भोक इन्सुलेशनवाल्यांनी बोर्ड लावून बुजवलं होतं! पंखा आत घरघरतोय, वाफ घरातच. बोर्ड थोडा तिरका लागला असता तर सोडून दिलं असतं. पण भोक दिसत नाही? कंपनी म्हणे, काम सब-कॉन्ट्रॅक्टरचं. त्याचा फोन बंद.

मला वाटलं, आमचंच नशीब फुटकं. पण जानेवारी 2025 मध्ये सरकारने 39 कंपन्यांची असली कामं थांबवल्याचं जाहीर केलं. ऑक्टोबरात नॅशनल ऑडिट ऑफिसचा (सरकारी खर्च तपासणाऱ्या संस्थेचा) अहवाल आला: अशा सरकारी योजनांतून बाहेरून इन्सुलेशन केलेल्या 98 टक्के घरांत मोठे दोष, म्हणजे 22 ते 23 हजार घरं. आतून केलेल्यांत 29 टक्के. कारणांत कच्चे सब-कॉन्ट्रॅक्टर आहेतच. शंभरातली दोनच धड? डोळे मिटून केलं असतं तरी जास्त जमली असती.

पुढे तपासनीस आला. त्याने टॉयलेट पेपरचा तुकडा पंख्याच्या जाळीला लावला. पडला, म्हणजे पंखा हवा ओढतच नव्हता. त्याने लिहून घेतलं. वर्षभर 'आमचं काम नाही' म्हणणारी तीच कंपनी पंधरवड्यात ड्रिल घेऊन दारात. माझ्या अकरा ईमेलना मात्र उत्तर नव्हतं.

भोक उघडल्यावर बुरशी परतली नाही, म्हणून मत पुन्हा बदलतोय: वस्तू चांगली, लावणारे वाईट. तीन तारे. परांची उतरवण्याआधी बाहेरून सगळी भोकं मोजा. 25 वर्षांच्या गॅरंटीचा कागद जपा, भरपाईला 20 हजार पौंडांची मर्यादा आहे. दुरुस्तीचे पैसे कुणी मागितले तर देऊ नका, ती फुकट होईल असं सरकारनेच सांगितलंय.

आमच्या छपराच्या कडेची पट्टी अजून बाकी आहे, परांची पुन्हा बांधावी लागणार. बुरशीवर मारलेल्या रंगाचे 34 पौंड माझे गेले. पावती ठेवलीय. आणि दर रविवारी पेपरचा तुकडा लावून बघतो.